यजमानाने गाशा गुंडाळल्यावर चर्चागटाचे बिऱ्हाड कसे हलवावे

याहू ग्रुप्स ही चर्चागटांना जागा देणारी सेवा आवरती घेतली जात असल्याचे 16 ऑक्टोबर 2019 रोजी जाहीर झाले, तेव्हा त्या सूचनेतली मनात राहणारी तारीख एकच होती: 14 डिसेंबर, म्हणजे साठवलेला सर्व मजकूर पुसला जाण्याचा दिवस. गट मात्र त्या एका दिवशी बंद पडले नाहीत. घोषणेनंतर बाराव्याच दिवशी, 28 ऑक्टोबरला, संकेतस्थळावर नवा मजकूर, फाइली आणि छायाचित्रे चढवणे थांबले. सर्वांना खुले असलेले गट खाजगी केले गेले, त्यामुळे सदस्य नसलेल्या वाचकांना जुन्या चर्चा दिसेनाशा झाल्या. आपला मजकूर मागवून घेण्याची मुदत बरीच ओरड झाल्यावर 31 जानेवारी 2020 पर्यंत वाढली. ईमेलने चालणारा संवाद तर पुढे जवळजवळ वर्षभर, 15 डिसेंबर 2020 पर्यंत, सुरू राहिला. चर्चागट असा तुकड्यातुकड्यांनी मरतो, आणि कोणता तुकडा केव्हा जाणार हे ज्या नियंत्रकाने पहिल्याच दिवशी कागदावर मांडले असेल त्याच्या हाती बरेच काही लागते.

हा लेख अशा नियंत्रकासाठी आहे. गट गूगल ग्रुप्सवर असो, एखाद्या फुकट फोरमसेवेवर असो किंवा एका हौशी मित्राने स्वतःच्या खर्चाने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर असो, वाचवण्याच्या गोष्टी तीनच असतात: माणसे, मजकूर आणि पत्ता. माझ्या मते त्या याच क्रमाने वाचवाव्यात. घबराटीत आपण नेमके उलटे करतो आणि आधी मजकुरामागे धावतो. मी सहनियंत्रक असलेल्या एका लहान गटावर ही वेळ आली तेव्हा मीही तेच केले. नऊ वर्षांचे सगळे संदेश नीट उतरवून घेतले आणि सदस्यांची यादी 'शेवटच्या आठवड्यात घेऊ' म्हणून मागे ठेवली. त्या आठवड्यात यादीचे पानच उघडेना. परिणामी जुन्या चर्चा आमच्याकडे आहेत, पण त्या करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना कसे गाठावे हे आजही कोणाला माहीत नाही. संदेश पुढेमागे एखाद्याच्या जुन्या टपालपेटीतून परत मिळू शकतात, पण माणसांच्या यादीची दुसरी प्रत सहसा कोणाकडेही नसते.

नोटीस वाचण्याची रीत

बंद होण्याची सूचना आली की ती पूर्ण वाचावी आणि तिच्यातून पुढील गोष्टी वेगळ्या काढून लिहाव्यात: नवे लेखन केव्हा थांबणार, मजकूर मागवण्याची शेवटची तारीख कोणती, मजकूर प्रत्यक्ष पुसणार केव्हा, ईमेल केव्हा बंद होणार, आणि मजकूर मागण्याचा अधिकार फक्त गटाच्या मालकाला आहे की प्रत्येक सदस्याला. सूचनेत यांपैकी एखादी गोष्ट सांगितलेली नसेल तर ती सर्वांत आधीच्या तारखेला घडेल असे धरून चालावे.

जाहीर तारीख पक्की असते असेही मानू नये. गूगल प्लस या समाजमाध्यमाची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची सेवा ऑगस्ट 2019 मध्ये बंद होईल असे गूगलने ऑक्टोबर 2018 मध्ये सांगितले होते. डिसेंबरमध्ये दुसरी सुरक्षा-त्रुटी उघडकीला आल्यावर तीच तारीख अलीकडे ओढून 2 एप्रिल 2019 करण्यात आली. ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करायचे ठरवले होते त्यांची सुट्टी सुरू होण्याआधीच ती सेवा संपली होती. 'बंद झाल्यावरही संग्रह वाचायला ठेवू' या आश्वासनाचेही तसेच आहे. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले आणि असंख्य मराठी समुदाय ज्याच्यावर नांदले ते ऑर्कुट हे गूगलचे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, त्यानंतर खुल्या समुदायांतील चर्चांचा संग्रह गूगलने काही काळ ठेवला, आणि 2017 मध्ये तोही काढून टाकला. यजमानाने ठेवलेल्या संग्रहाकडे पाहून आपली प्रत घेण्याचे टाळू नये.

नोटीस वाचून झाल्यावर त्याच दिवशी करण्याचे एक काम आहे, आणि ते तांत्रिक नाही. गटाचा मालक म्हणून कोणाचे खाते नोंदलेले आहे ते पाहावे. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या गटात मूळ संस्थापक केव्हाच बाजूला झालेला असतो, त्याचा पासवर्ड हरवलेला असतो, कधी तो हयातही नसतो. आणि मजकूर उतरवण्याचा अधिकार बहुधा मालकाच्याच खात्याला असतो. सध्याच्या मालकाला गाठून आणखी दोघांना त्या दर्जाचे अधिकार द्यायला लावावेत. पुढची सगळी कामे यावर अवलंबून आहेत.

आधी माणसे

सदस्यांची यादी उतरवताना तिच्यात ईमेल पत्ते पूर्ण आहेत का, हे उघडून पाहावे. याहू ग्रुप्सच्या संकेतस्थळावर संदेशांमधले पत्ते मधूनच तोडून, पुढे टिंबे देऊन दाखवले जात. ज्यांनी केवळ पाने जतन केली त्यांच्याकडे लोकांच्या पत्त्यांचे फक्त पूर्वार्ध राहिले. यादीत सदस्यनाम, खरे नाव ठाऊक असल्यास ते, ईमेल, सदस्य झाल्याची तारीख आणि ईमेल मिळवण्याची निवड एवढे रकाने असावेत. शेवटचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण 'ईमेल नको, मी संकेतस्थळावर येऊन वाचेन' असे निवडलेल्या सदस्यांना तुमची स्थलांतराची सूचना ईमेलने पोहोचणारच नाही. त्यांच्यासाठी तीच सूचना गटाच्या पहिल्या पानावर वर खिळवून ठेवावी लागते.

सूचना छोटी असावी. गट कोठे चालला आहे, तेथे कसे यायचे आणि न जमल्यास कोणाला लिहायचे, एवढेच तिच्यात हवे. बंद करणाऱ्या कंपनीवरचा राग चर्चेच्या वेगळ्या धाग्यात काढावा. नव्या ठिकाणाचा पत्ता विषयाच्या ओळीतच लिहिला तर संदेश न उघडणाऱ्यालाही तो दिसतो. ती किमान तीनदा जावी: लगेच, मध्यावर, आणि जुना ईमेल बंद होण्याच्या आदल्या दिवशी. पाठवल्यावर परत येणारी 'पत्ता अस्तित्वात नाही' अशी पत्रे फेकून न देता यादीशी ताडावीत, कारण एवढ्यातच कळले तर त्या सदस्याच्या ओळखीचा कोणीतरी त्याचा नवा पत्ता देऊ शकतो.

सर्वांना न विचारता नव्या जागी परस्पर जोडून टाकण्याचा मोह टाळावा. गटात वर्षानुवर्षे एक अक्षर न लिहिणारे वाचनमात्र सदस्य बहुसंख्य असतात. त्यांना अचानक अनोळखी सेवेकडून पत्रे येऊ लागली तर ते 'स्पॅम' असे कळवतात आणि मग नव्या गटाची सगळ्यांनाच जाणारी पत्रे अडकू लागतात. निमंत्रण पाठवावे आणि येणे न येणे त्यांच्यावर सोडावे. निमंत्रणे आपल्या जीमेलवरून पाठवणार असाल तर साध्या खात्याला दिवसाला 500 प्राप्तकर्त्यांची मर्यादा आहे हे ध्यानात ठेवून ती तुकड्यांनी पाठवावीत.

नव्या ठिकाणी ओळख पटवण्याची व्यवस्थाही आधीच ठरवावी. मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांना डुआयडी, म्हणजे एकाच माणसाने घेतलेले दुसरे बनावट सदस्यनाम, हा प्रकार नव्याने सांगायला नको. स्थलांतराचा गोंधळ हा दुसऱ्याचे जुने, नावाजलेले सदस्यनाम बळकावण्याचा उत्तम मुहूर्त असतो. सर्वांत सोपा उपाय असा, की सदस्याने जुन्या गटातून, त्याच्या जुन्या खात्यावरून 'नव्या ठिकाणी माझे नाव अमुक असेल' अशी एक ओळ लिहावी. ती ओळ संग्रहात राहते आणि पुढे वाद झाल्यास तोच पुरावा ठरतो. जुनी नावे महिनाभर राखून ठेवावीत, म्हणजे उशिरा येणाऱ्यावर अन्याय होत नाही.

मजकूर उतरवणे

गट ईमेलवर चालणारा असेल तर मजकूर 'एमबॉक्स' या जुन्या, साध्या स्वरूपात घ्यावा. त्यात सर्व पत्रे शीर्षओळींसह एकामागून एक एकाच मजकूर-फाइलीत असतात आणि ती थंडरबर्डसारख्या फुकट ईमेल-प्रणालीत उघडता येतात. गूगल ग्रुप्सच्या मालकाला टेकआउट या, आपला मजकूर उतरवून देणाऱ्या गूगलच्या सोयीतून असा संग्रह मिळतो. तयार झालेला संग्रह उतरवून घेण्याची मुदत सुमारे एक आठवडा असते, म्हणून मागणी नोंदवून गावाला जाऊ नये. मेलमन या प्रणालीवर चालणाऱ्या ईमेल-याद्यांचा संग्रह तर सर्व्हरवर बहुधा याच स्वरूपात पडून असतो, तो प्रशासकाकडे मागावा. या स्वरूपाचा मोठा गुण असा, की प्रत्येक पत्राचा एकमेव ओळखक्रमांक आणि ते कोणत्या पत्राला उत्तर आहे याची नोंद शीर्षओळींत जिवंत राहते. तिच्यावरून चर्चेचा धागा कोणत्याही नव्या प्रणालीत पुन्हा ओवता येतो. दिवसभराची पत्रे एकत्र करून येणाऱ्या 'डायजेस्ट'मध्ये ही नोंद बहुधा हरवते, त्यामुळे डायजेस्टचा संग्रह हा नाइलाजाचा पर्याय समजावा.

संकेतस्थळावर चालणाऱ्या फोरमचा मजकूर विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये असतो. त्याची संपूर्ण प्रत प्रशासकाकडून घेणे हा उत्तम मार्ग आहे, कारण तिच्यात धागे, प्रतिसाद, उपप्रतिसाद आणि वेळ यांचे संबंध शाबूत राहतात. मात्र त्या प्रतीत सदस्यांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आणि पासवर्डांची सांकेतिक रूपेही असतात. म्हणून ती कोणाही उत्साही स्वयंसेवकाला ईमेलने धाडू नये, आणि नव्या जागी नेताना व्यनि व पासवर्ड वगळून न्यावेत. सदस्यांनी नवे पासवर्ड घ्यावेत हे थोडे त्रासाचे असले तरी शहाणपणाचे आहे.

विदागार मिळतच नसेल तर पाने जशी दिसतात तशी जतन करणे उरते. यासाठी एचटीट्रॅक किंवा डब्ल्यूगेट यांसारखी साधने पुरतात. ग्रंथालये आणि संग्रहालये या कामी 'वार्क' नावाचे स्वरूप वापरतात, 2009 पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात पानाबरोबर ते केव्हा व कोठून आले हेही नोंदले जाते; जमल्यास तेच वापरावे. खुल्या पानांसाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पत्ता देऊन पान जतन करून घेता येते, पण लॉगिनमागचे काहीही तेथे पोहोचत नाही. पाने उतरवताना वेग संथ ठेवावा. डिसेंबर 2019 मध्ये याहू ग्रुप्सचा मजकूर वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या आर्काइव्ह टीम या स्वयंसेवी गटाची खाती तेव्हाची मालक कंपनी व्हेरायझनने मुदत अगदी तोंडाशी आलेली असताना बंद केली होती. सर्व्हरवर भार टाकणाऱ्या खात्याशी कोणताही यजमान असेच वागू शकतो, आणि तेव्हा दाद मागायला वेळ उरत नाही. याच आर्काइव्ह टीमने 2009 मध्ये बंद होणाऱ्या जिओसिटीजची पाने सहाशे जीबीहून अधिक प्रमाणात वाचवली होती, हेही सांगायला हवे. अशा गटांशी मैत्री असावी, पण आपल्या गटाचे काम ते करतील या भरवशावर राहू नये.

आज गप्पांचे मोठे प्रमाण व्हॉट्सॲपवर आहे. तेथे ग्रुपमधील संभाषण 'एक्स्पोर्ट चॅट'ने बाहेर काढता येते, पण छायाचित्रांसह काढल्यास सर्वांत अलीकडचे 10,000 आणि त्यांच्याशिवाय काढल्यास 40,000 संदेशच मिळतात. रोज दोनशे संदेश पडणाऱ्या ग्रुपचा छायाचित्रांसह इतिहास त्या हिशेबाने पन्नास दिवसांचा भरतो. म्हणून तेथे संकटाची वाट न पाहता दर महिन्याला प्रत काढत राहावे लागते. टेलिग्रामची संगणकावरील आवृत्ती ग्रुपचा पूर्ण इतिहास काढून देते. फेसबुकवर 'आपली माहिती' मागवल्यास मुख्यतः आपण स्वतः लिहिलेलेच हाती येते, इतरांचे प्रतिसाद नाही, आणि अर्धा संवाद वाचणे म्हणजे शेजारच्या खोलीतला फोन ऐकण्यासारखे असते.

संदेशांखेरीज गटात आणखी बरेच काही साठलेले असते आणि ते हमखास विसरले जाते. याहू ग्रुप्समध्ये फाइली, छायाचित्रे, दुवे, जनमत-चाचण्या, तक्ते आणि दिनदर्शिका यांची वेगवेगळी दालने होती. पाककृतींच्या किंवा वंशावळींच्या गटांत खरा ठेवा त्या दालनांतच होता. प्रत्येक दालन वेगळे उतरवावे लागते. काम संपल्यावर जुन्या ठिकाणी महिनावार दिसणारी संदेशसंख्या आणि आपल्या प्रतीतील महिनावार संख्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. एकूण आकडा जुळला म्हणून समाधान मानू नये, कारण एका महिन्यातली तूट दुसऱ्या महिन्यात दोनदा आलेल्या संदेशांनी भरून निघालेली असू शकते.

देवनागरीची खास दुखणी

वरील सर्व कोणत्याही भाषेच्या गटाला लागू आहे. मराठी गटांची काही दुखणी मात्र निराळी आहेत, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत ती सापडत नाहीत.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठराविक क्रमांक देणारी पद्धत, सर्रास रुळण्यापूर्वीचे मराठी लेखन शिवाजी, शुषा, श्रीलिपी अशा फॉण्टांच्या आधारे झाले. त्या लेखनात संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. विशिष्ट फॉण्ट लावला की ती देवनागरी दिसतात. संग्रह उतरवताना पानाबरोबर तो फॉण्टही उतरवला नाही तर दहा वर्षांनी उरते ती निरर्थक अक्षरांची खिचडी. म्हणून असे संदेश आढळले की फॉण्टची फाइल आधी जपावी, नंतर परिवर्तक वापरून युनिकोड प्रत तयार करावी, आणि मूळ मजकूर तसाच शेजारी ठेवावा. परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारात हटकून चुका करतात, आणि मूळ प्रत नसेल तर त्या चुका दुरुस्त करण्याचा मार्ग उरत नाही. रोमन लिपीतल्या मराठीचे मात्र लिप्यंतर करत बसू नये. त्या काळी लोक तसेच लिहीत असत, आणि ते लेखन तसेच वाचले जावे.

दुसरे दुखणे विदागाराचे आहे. युटीएफ-8 या संकेतनात, म्हणजे युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अनेक जुन्या संकेतस्थळांच्या मायएसक्यूएल विदागारात हा मजकूर 'लॅटिन-1' असे युरोपीय अक्षरांच्या संकेतनाचे नाव लावलेल्या रकान्यांत कसाबसा मावून बसलेला असतो आणि संकेतस्थळावर तो नीट दिसतो. प्रत काढताना प्रणाली प्रामाणिकपणे त्याचे लॅटिनमधून युटीएफमध्ये 'रूपांतर' करते आणि एका अक्षराच्या जागी चमत्कारिक युरोपीय चिन्हांच्या ओळी उमटतात. घाबरून जाऊ नये, मजकूर गेलेला नसतो. प्रत काढताना रूपांतर होऊ न देता ती जशीच्या तशी काढली, तर मजकूर सरळ येतो. याउलट खरोखर नष्ट झाल्याची खूण म्हणजे अक्षरांच्या जागी ओळीने आलेली प्रश्नचिन्हे. तेथे मूळ बाइटच उरलेले नसतात, म्हणून ती दिसताच काम थांबवून, जुना सर्व्हर जिवंत असतानाच, दुसरी प्रत काढावी. आणखी एक सापळा इमोजींचा आहे. ते चार बाइट घेतात, आणि मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी 'युटीएफ-8' रकान्यात ते भरताना, कडक तपासणी बंद असेल तर, पहिल्या इमोजीपासून पुढचा सारा मजकूर निमूटपणे कापला जातो. नवे विदागार चार-बाइटी संकेतनात उभारावे.

तिसरे दुखणे सर्वांत बारीक आहे आणि म्हणूनच वाईट आहे. पूर्वी 'ऱ्या' लिहिताना पुष्कळ जण र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी जुळणी वापरत. मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या आज्ञावली न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतात आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा एका फटक्यात दर्या होतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीचे, आणि नंतरचेही बरेच, लेखन 'अ' आणि चंद्र जोडून केलेले आहे. दिसायला दोन्ही सारखे असल्यामुळे शोधताना अर्धे संदेश का सापडत नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय असा, की मूळ मजकुराला हात न लावता शोधासाठी एकसारखी केलेली वेगळी प्रत ठेवावी.

चाचणीसाठी हजार संदेश वाचण्याची गरज नाही. जोडाक्षरे, चंद्रबिंदू, ऱ्या, ॲ, ऑ, ळ आणि एखादा संस्कृत श्लोक असलेले वीस संदेश निवडून ते जुन्या पानाशेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडावेत. तारखाही तपासाव्यात. '04/05' हे अमेरिकी सर्व्हरवर 5 एप्रिल असते आणि आपल्याकडे 4 मे. सर्व्हरची वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ यांत साडेपाच तास किंवा अधिक फरक असल्यामुळे रात्री रंगलेला वाद आदल्या दिवशी झालेला दिसतो. पाने जतन केली असतील तर 'तीन वर्षांपूर्वी' अशी सापेक्ष वेळ त्यात गोठून राहिली नाही ना, हे पाहावे.

नवे घर निवडताना

येथे फार वेळ घालवू नये. निवड लांबली की लोक पांगतात. वाईट असले तरी एकच ठिकाण जाहीर करणे, हे तीन चांगल्या ठिकाणांवर मतदान घेत बसण्यापेक्षा बरे. याहू ग्रुप्सच्या अनेक गटांनी ग्रुप्स डॉट आयओ या सेवेचा रस्ता धरला. त्याचे संस्थापक मार्क फ्लेचर हे गंमत म्हणजे वनलिस्ट या जुन्या ईमेल-गट सेवेचेही संस्थापक. वनलिस्ट ईग्रुप्समध्ये मिसळली आणि ईग्रुप्स 2000 साली याहूने विकत घेऊन तिच्यावर याहू ग्रुप्स उभे केले. म्हणजे बरेच गट वीस वर्षांनी फिरून मूळ गवंड्याच्याच नव्या इमारतीत आले.

सेवेपेक्षा पत्ता महत्त्वाचा आहे. गटाच्या नावाने स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नोंदवलेले नाव, घ्यावे आणि गटाचा ईमेल व संकेतस्थळ त्याच नावावर चालवावे. खोली भाड्याची असली तरी दारावरची पाटी आपली असली, तर पुढच्या वेळी यजमान बदलला तरी सदस्यांना काही कळवावे लागत नाही. मायबोलीसारख्या 1996 पासून चालत आलेल्या संकेतस्थळावर खालची प्रणाली बदलली गेली, पण लोकांनी लक्षात ठेवलेले नाव तेच राहिले. डोमेन एका व्यक्तीच्या वैयक्तिक ईमेलवर आणि तिच्याच क्रेडिट कार्डावर असू नये. किमान दोघांकडे त्याचा ताबा असावा आणि भाडे शक्य तितक्या वर्षांचे आगाऊ भरावे.

यजमान एकच असण्याला इतिहासात पर्यायही होता. 1979 च्या सुमारास ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांच्या कल्पनेतून निघालेल्या यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यात प्रत्येक संदेश अनेक सर्व्हरांवर एकाच वेळी फिरत असे. परदेशस्थ मराठी मंडळींच्या सुरुवातीच्या चर्चा जेथे झाल्या तो 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा गट याच व्यवस्थेतला. 22 फेब्रुवारी 2024 पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटचा नवा मजकूर घेणे बंद केले, तरी यूजनेट बंद पडले नाही, कारण ते गूगलचे कधी नव्हतेच. गूगल ग्रुप्सवरचा जुना संग्रहही वाचता येतो. आज लहान गटाला ही व्यवस्था सोयीची नाही हे मान्य केले, तरी तिच्यातला एक भाग ईमेल गटात अजून शिल्लक आहे. प्रत्येक सदस्याच्या टपालपेटीत गटाची एक प्रत असते. केवळ या कारणासाठी मी व्हॉट्सॲपपेक्षा ईमेल गटाला झुकते माप देतो, जरी तरुण सदस्य त्यावर नाक मुरडत असले.

जुना मजकूर नव्या जागी कोणी वाचावा

लोकांनी जे बंद दाराआड लिहिले ते स्थलांतराच्या निमित्ताने उघड्यावर येऊ नये. सदस्यांपुरता असलेला संग्रह नव्या जागीही सदस्यांपुरताच ठेवावा. प्रत्येक लेखनाचा प्रताधिकार ते लिहिणाऱ्याकडे असतो, आणि भारतीय कायद्यानुसार तो त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो. गटाचा नियंत्रक हा त्या लेखनाचा मालक नव्हे. व्यवहारात असे करावे: स्थलांतराच्या सूचनेतच 'ज्यांना आपले लेखन नव्या ठिकाणी नको असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत कळवावे' असे लिहावे आणि कळवणाऱ्यांचे लेखन कारण न विचारता वगळावे. वगळलेल्या प्रतिसादाच्या जागी 'लेखकाच्या विनंतीवरून काढले' एवढी ओळ ठेवावी, नाहीतर खालचे प्रतिसाद हवेत लोंबकळतात. फोन नंबर, घरचे पत्ते, आजारपणाचे तपशील आणि मुलांची नावे मात्र कोणी मागणी केली नाही तरी झाकावीत. वीस वर्षांपूर्वी 'नोकरी शोधतो आहे, फोन करा' म्हणून दिलेला नंबर आज दुसऱ्याच कोणाच्या घरी वाजत असेल.

सूचना न देताच दिवे गेले तर

एखाद्या सकाळी संकेतस्थळ उघडतच नाही, असेही होते. तेव्हा आधी डोमेनची नोंद तपासावी. भाडे थकल्याने ते गेले असेल तर डॉट कॉमसारख्या नावांना मुदत संपल्यानंतर काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर 30 दिवसांचा, जादा शुल्क भरून सोडवून घेण्याचा काळ असतो, आणि मग शेवटच्या पाच दिवसांत काहीच करता येत नाही. ज्याच्या नावावर ते आहे त्याला या काळात गाठता आले तर सगळेच परत मिळते. सर्व्हर वेगळ्या कारणाने बंद असेल तर होस्टिंग कंपनीकडे खातेदारानेच विचारावे लागते. इतरांना ती दाद देत नाही, आणि तसे करणे तिच्या बाजूने योग्यही आहे.

यातून काही निष्पन्न झाले नाही तर ईमेल गटाचा संग्रह सदस्यांच्या टपालपेट्यांतून पुन्हा उभा करता येतो. तीन-चार जुन्या, काहीही न पुसणाऱ्या सदस्यांना (असा एकतरी प्रत्येक गटात असतोच, आणि एरवी आपण त्याची चेष्टा करतो) गटाची पत्रे एका लेबलाखाली एकत्र करून टेकआउटमधून काढून द्यायला सांगावे. सर्वांच्या फाइली एकत्र करून पत्रांच्या ओळखक्रमांकावरून पुनरावृत्ती काढून टाकाव्यात. एकाच्या पेटीत नसलेले दुसऱ्याच्या पेटीत मिळते, आणि पत्रांच्या 'उत्तरादाखल' नोंदींवरून अजून कोणती पत्रे हरवलेली आहेत याची यादीही आपोआप तयार होते. ती यादी गटात फिरवावी. फोरमसाठी वेबॅक मशीन आणि सदस्यांना ईमेलने आलेल्या 'नवा प्रतिसाद आला आहे' या सूचना, एवढेच स्रोत उरतात. गूगलने शोधनिकालांतील साठवलेल्या पानांचे दुवे 2024 मध्ये काढून टाकल्यामुळे तो जुना आसरा आता नाही.

शेवटचे काम

संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या गावी, हा संगणकवाल्यांचा जुना नियम येथेही पाळावा. प्रत्येक प्रतीबरोबर एक साधी मजकूर-फाइल असावी आणि तिच्यात गटाचे नाव, तो कोणत्या काळात कोठे चालला, मजकूर कोणत्या दिवशी कोणत्या साधनाने उतरवला, काय मिळाले नाही आणि काय मुद्दाम वगळले हे लिहावे. जुन्या संदेशांचे क्रमांक आणि नव्या जागचे त्यांचे पत्ते यांचा तक्ता त्यातच जोडावा, कारण लोकांच्या लेखनात 'संदेश क्रमांक 4312 पाहा' असे उल्लेख शेकड्यांनी असतात आणि हा तक्ता नसेल तर ते सगळे आंधळे होतात. दर वर्षी एक दिवस ठरवून, प्रती ठेवणाऱ्या तिघांपैकी प्रत्येकाने आपली प्रत उघडून कोणताही एक जुना धागा शेवटपर्यंत वाचावा आणि 'उघडली, वाचली' असे गटात लिहावे. ज्याच्याकडून तसे उत्तर येणार नाही त्याच्या प्रतीच्या जागी त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला नवी प्रत द्यावी.